फळीवरच्या मुलांचे बूट

‘बूट काढणे’ या शब्दांना आमच्या घरात एक जास्तीचा अर्थ होता. माझे वडील, गुरुदत्त मुळगावकर, कागदावर बूट काढायचे. बेहालाच्या पलीकडे डायमंड हार्बर रोडवर ईस्टलाइट रबर नावाचा कॅनव्हासच्या बुटांचा कारखाना होता. तिथल्या नमुन्यांच्या खोलीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. बुटाचं कापड किती तुकड्यांत कापायचं, शिवण कुठून न्यायची, तळ किती जाड ठेवायचा हे ते ठरवायचे, पुठ्ठ्यावर आकार कापायचे आणि खाली शिलाईच्या मजल्यावर पाठवायचे. सगळे त्यांना मास्टरबाबू म्हणत.

माझे आजोबा भवानीपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. बाबांचा हात त्यांच्यासारखाच होता, पण चित्रकला शिक्षकाची जागा काही निघाली नाही आणि पंचविशीत ही नोकरी मिळाली. गणपतीत मंडळात बदलीवर आलेले बँकेचे, सरकारी खात्यांचे साहेब भेटायचे. ‘बुटांच्या कारखान्यात असतो’ म्हटल्यावर त्यांना पुढे काय विचारावं ते सुचत नसे. एकांनी चाचरत विचारलं, “म्हणजे चामड्याचं काम?”

“नाही, कापडाचं,” बाबा म्हणाले. गृहस्थांचा जीव भांड्यात पडला. घरी येताना बाबा आईला म्हणाले, “चामड्याचं म्हणून सांगायला हवं होतं.”

“मग सांगायचं होतंत,” आई म्हणाली.

“दमलो होतो गं.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यांचा आवाज आठवायचा म्हटलं तर तेच आठवतं. सकाळी ट्राम, आठ तास टेबलावर वाकणं, संध्याकाळी परत ट्राम. ती बंद असली तर खिदिरपूरपर्यंत चालत. त्या वर्षांत ती बरेचदा बंद असायची. कधी संप, कधी मोर्चा, कधी नुसतीच वीज नाही.

१९६७ मध्ये कारखान्यात अमेरिकेहून एक खोकं आलं. कॅलिफोर्नियातले टिलमन नावाचे व्यापारी आमच्याकडून होडीत घालायचे कॅनव्हासचे बूट नेत. पातळ सपाट तळ, बिनपट्टीचा पुढा, साधं काम. खोक्यात त्याच बुटांच्या फाटक्या जोड्या होत्या आणि सोबत पत्र. इथली मुलं फळीला चाकं लावून रस्त्यावरून जातात, बहुतेक अनवाणीच. जी बूट घालतात ती तुमचे बूट महिन्यात फाडतात, काही करता येईल का, असं त्यात लिहिलं होतं.

कारखान्याचे मॅनेजर श्यामसुंदर घोषाल यांनी पत्र दोनदा वाचलं. “फळीला चाकं म्हणजे हातगाडी झाली,” ते म्हणाले. “हातगाडीवर उभं राहून पोरं कुठे जातात?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी फाटके बूट टेबलावर ओळीनं मांडले. अकरा बूट होते, जोड्या सगळ्या पुऱ्या नव्हत्या. तळ झिजला होता तो उजव्या बुटांचा, बोटांखाली. डाव्यांचा जेमतेम. दोनच बूट उलटे, डावा झिजलेला. बाबा घरी आले आणि जेवणाच्या आधी आमच्या लाल फरशीवर डावा पाय रोवून उजव्यानं जमीन मागे ढकलू लागले. मी दहा वर्षांची होते. मला वाटलं पाय घसरतोय.

“एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं रेटायचं,” ते आईला म्हणाले. “दोन मुलं डावखुरी आहेत.”

त्यांनी तळ जाड केला, पुढ्यावर रबराची दुहेरी पट्टी घेतली. बूट गेले. वर्षभरानं टिलमनसाहेबांचं पत्र आलं: बूट उत्तम, पण फळ्यांचं वेड संपलं, आता मागणी नाही. बाबांनी ते पुठ्ठे सुतळीनं बांधून कपाटावर टाकले आणि पुन्हा शाळेच्या पांढऱ्या बुटांकडे वळले. पुढची सहा वर्षं तेच. त्याच आकाराचे, त्याच मापाचे, लाखो. त्या वर्षांत शहरही तसंच दमलेलं होतं. भिंती घोषणांनी भरल्या होत्या आणि कारखान्याच्या फाटकावर दर चार-सहा महिन्यांनी घेराव व्हायचा. एकदा घोषालबाबूंबरोबर बाबाही चौदा तास आत अडकले होते. घेराव घालणाऱ्यांत शिलाईच्या मजल्यावरचे हाराधन मंडल होते, बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र. त्यांनीच खिडकीतून बाबांना मुढी, म्हणजे कुरमुरे, आणि चहा दिला. “घोषालबाबूंना देऊ नका,” असं बजावून.

हाराधनकाका कारखान्यामागच्या वस्तीत राहत. बाबांनी पुठ्ठा कापला की पहिला बूट तेच शिवत. शिवणीला वळण जड जात असेल तर शब्दानं सांगत नसत; बूट टेबलावर ठेवून नुसते बाबांकडे बघत राहत. बाबा पुठ्ठा परत घेत.

१९७४ मध्ये फळ्यांचं वेड परत आलं. टिलमनसाहेबांनी लिहिलं की आता चाकं मऊ प्लॅस्टिकची निघाली आहेत, खड्यावर अडत नाहीत, वेग फार वाढलाय. पुन्हा खोकं, पुन्हा फाटके बूट. या वेळी तळ वेगळेच झिजलेले होते, बाहेरच्या कडेला, जणू पाय फळीला चिकटवून ठेवायची धडपड चालली होती. बाबांनी रबर मऊ घेतलं, तळावरच्या रेघा काढून बारीक चौकटी केल्या. त्याच्या पुढच्या खोक्यात तळ शाबूत होते, पण चार बुटांच्या आतल्या बाजूला, घोट्याखालच्या काठावर, सुकलेल्या रक्ताचे डाग होते.

बाबांना त्या डागांचा उलगडा होईना. पडलं तर गुडघा फुटेल, कोपर फुटेल. घोट्याच्या आतल्या बाजूला काय लागतं? टिलमनसाहेबांना विचारलं तर उत्तर यायला दीड महिना. शेवटी १९७६ च्या फेब्रुवारीत ते नदीपलीकडे हावड्याला गेले. फ्री स्कूल स्ट्रीटवर कुणा अँग्लो-इंडियन बाईच्या घरातून निघालेले जुने चाकांचे स्केट त्यांनी विकत घेतले होते. बेलिलियस रोडवरच्या एका मिस्त्रीकडून त्यांची चाकं सागवानाच्या फळीखाली बसवून घेतली. फळी वर्तमानपत्रात गुंडाळून ते स्टीमरनं परत आले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या सिमेंटच्या अंगणात एकोणपन्नास वर्षांचे माझे वडील स्वतःच काढलेले बूट घालून त्या फळीवर चढले. पुढचं मला हाराधनकाकांनी सांगितलं, आणि सांगताना ते दर वेळी हसून खोकत. शे-दीडशे माणसं भाकरी-भात टाकून बघायला आली होती. पहिल्यांदा बाबा हाराधनकाकांच्या खांद्याला धरून चार हात गेले. दुसऱ्यांदा खांदा सोडला आणि भिंतीपर्यंत पोचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा त्यांनी वळायचा प्रयत्न केला, फळी पायाखालून निसटली, उलटी फिरली आणि तिची कड त्यांच्या उजव्या घोट्यावर आतल्या बाजूनं बसली. हाड मोडल्यासारखा आवाज आला.

माणसं धावली. बाबा जमिनीवर बसलेले, चेहरा पांढराफटक. घोषालबाबू म्हणाले, “गाडी आणा, दवाखान्यात न्या.”

“थांबा,” बाबा म्हणाले. “हाराधन, खडू दे.”

हाराधनकाकांच्या कानावर शिंप्याचा खडू असायचाच. बाबांनी बूट न काढता, जिथे लागलं होतं तिथे त्याच्या काठावर गोल खूण केली. मग डोळे मिटले.

हाड मोडलं नव्हतं, पण पाय महिनाभर सुजलेला होता. आई आंबेहळदीचा लेप लावायची आणि बोलायची. “अहो, पन्नाशी आली. जगात कुणी बुटासाठी घोटा फोडून घेतो का?”

“पोरं घेतातच आहेत, कालिंदी.”

“ती पोरं आहेत.”

“म्हणून तर,” बाबा म्हणाले. पाय उशीवर ठेवून, मांडीवर पाट घेऊन त्यांनी नवा बूट काढला. काठावर फोमची जाड गादी, घोट्याच्या खालून मागे टाचेपर्यंत गेलेली, आणि तिच्यावर शिवणीच्या तीन ओळी. टिलमनसाहेबांनी मुलांना रंग आवडतात असं लिहिलं होतं, म्हणून पुढा तांबडा आणि बाजू निळ्या. मी कॉलेजात होते. आमच्या वर्गात असे बूट घालून कुणी आलं असतं तर हसून पुरेवाट झाली असती. पण कागदावर तो बूट सुंदर दिसत होता, एवढं मला तेव्हाही कळलं. बाबांचं काम मी पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

घोषालबाबूंना गादी नको होती. फोम, जादा शिलाई, जादा वेळ. “आपण बूट विकतो मास्टरबाबू, गाद्या नाही.” हाराधनकाकांनी तरी नमुना शिवला, वळण जड असूनही काही न बोलता. बूट अमेरिकेला गेला आणि दोन महिन्यांत तार आली. नव्वद हजार जोड पाहिजेत, ऐंशी टक्के गादीवाले. पत्रात टिलमनसाहेबांनी एक अट घातली होती. माल निघण्याआधी तपासणीच्या कागदावर मिस्टर मुळगावकरांची सही हवी, दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

तीनशे माणसांना वर्षभर पुरेल असं काम होतं. पुढची मागणी याहून मोठी असेल असंही कळवलं होतं. त्या दुर्गापूजेला वस्तीत मोठा मांडव पडला, आणि हाराधनकाकांच्या घरून आमच्याकडे नारळाच्या लाडवांचा डबा आला. बाबा थोडे कमी दमलेले दिसत होते. एका रविवारी आम्हाला घेऊन लेकच्या तळ्यावर फिरायलाही गेले, अजून जरासे लंगडत.

रबराचे बूट शिवून होत नाहीत. कापडाला तळ आणि पट्टी चिकटवल्यावर ते वाफेच्या भट्टीत शिजवावे लागतात, ठरल्या दाबाला, ठरला वेळ, न थांबता. तरच रबर कापडाला कायमचं धरतं. बॉयलरचा पंप विजेवर होता. १९७७ च्या पावसाळ्यानंतर शहरात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम उरला नाही. नोव्हेंबरातल्या एका आठवड्यात चार वेळा भट्टी भरलेली असताना वीज गेली. दाब उतरला, दोन-दोन तासांनी परत चढवला, बूट पुन्हा शिजवले. बाहेर काढल्यावर सगळे सारखेच दिसत होते, चकचकीत, तांबडे-निळे. ते इतर मालात मिसळूनही गेले.

बाबांनी दहा बूट उचलले आणि पट्टीच्या कडेत अंगठा घातला. सात घट्ट होते. तीन बुटांची पट्टी सालीसारखी सुटून आली. त्यांनी आणखी पन्नास बघितले. चौदा सुटले.

घोषालबाबू वाईट माणूस नव्हते, हे बाबा नेहमी सांगत. त्यांनी बाबांना खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, “मास्टरबाबू, बोटीची जागा ठरली आहे. हा माल चुकला तर दुसरा करायला तीन महिने, आणि तेही वीज असेल तर. तीन महिने कोण थांबतो? शाळेच्या बुटाचा तळ निघाला तर आपण काय करतो? बदलून देतो.”

“शाळेच्या बुटाचा तळ निघाला तर पोरगं फटक-फटक करत घरी जातं,” बाबा म्हणाले. “हा तळ उतारावर निघेल.”

“आपण पाहिलाय का कुणी तो उतार?”

“नाही.”

“तीनशे माणसांना मात्र आपण रोज बघतो.”

बाबांनी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, “माझ्याच्यानं सही होणार नाही, घोषालबाबू.”

मग तीन दिवस सगळे त्यांना समजावत होते. युनियनचे लोक आले, आणि ज्यांनी जन्मभर एकमेकांविरुद्ध घोषणा दिल्या ते मॅनेजर आणि युनियन या एका बाबतीत एक झाले. तिसऱ्या दिवशी हाराधनकाका नमुन्यांच्या खोलीत आले. एक बूट बाबांच्या टेबलावर ठेवला आणि सवयीप्रमाणे बघत उभे राहिले. बाबांनी तो हातात घेऊन अंगठ्यानं पट्टी ओढली. सुटली. बाबांनी बूट त्यांच्यापुढे धरला. हाराधनकाका बूट न घेताच निघून गेले.

माल गेला नाही. डिसेंबरात मागणी रद्द झाल्याची तार आली. टिलमनसाहेबांनी नंतर बाबांना पत्र लिहिलं, सभ्य आणि थोडक्यात. काम आता कोरियाला दिलंय, तिथे स्वस्तही पडतं आणि वेळेवरही मिळतं. तुमचा नमुना त्यांना पाठवलाय, हरकत नसावी. हरकत घ्यायला नमुना बाबांच्या नावावर नव्हताच. काम मुळातच कोरियाला जाणार होतं की सही न केल्यामुळे गेलं, हे पत्रावरून समजत नव्हतं. बाबांनी ते किती वेळा वाचलं कोण जाणे, घड्यांवर फाटलं होतं.

कारखाना पुढच्या उन्हाळ्यात बंद झाला. कारणं पुष्कळ होती: वीज, कोळसा, जुनी यंत्रं, मालकांतले तंटे. पण वस्तीत एकच कारण सांगितलं जायचं. बाबा फाटकातून शेवटचे बाहेर पडले तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, “मास्टरबाबू, अमेरिकेची पोरं सुखरूप आहेत ना?”

घरी येऊन त्यांनी आम्हाला हे सांगितलं आणि हात धुऊन जेवायला बसले. आई वाढत होती. ती म्हणाली, “तुमचं चुकलं नाही.”

“माहीत नाही गं,” बाबा म्हणाले. “खरंच माहीत नाही.”

पाच-सहा महिने ते घरीच होते. आईची शाळेतली नोकरी होती, माझ्या शिकवण्या होत्या, चालत होतं. मग कुणीतरी सियालदहजवळच्या एका लहानशा कार्यशाळेबद्दल सांगितलं. पोलिओनं पाय अधू झालेल्या मुलांसाठी तिथे बूट करत, एकेका पायाच्या मापानं. एक डॉक्टर ती चालवत होते. त्यांना आकार काढून देणारा माणूस हवा होता. बाबा गेले. चामड्याचं काम होतं. मंडळातल्या त्या साहेबांची तोवर बदली झाली होती, नाहीतर बाबा मुद्दाम सांगायला गेले असते असं मला वाटतं.

काम हळू चाले. मुलाला उभं करायचं, त्याचे जुने बूट बघायचे, कुठे झिजलेत ते बघायचं, मग कागद घ्यायचा. शिलाईला चांगला माणूस मिळत नव्हता.

१९७९ च्या जानेवारीत एका सकाळी सियालदहच्या घाऊक बाजारात त्यांना हाराधनकाका दिसले. डोक्यावर कोबीची टोपली होती. मी बाबांबरोबर होते, त्यांची पिशवी धरून. हाराधनकाकांनी टोपली उतरवली, गमछ्यानं तोंड पुसलं. ते खूप वाळले होते.

“शिलाईचं काम आहे,” बाबा म्हणाले. “बसून करायचं. येशील?”

हाराधनकाकांनी उलट विचारलं, “मास्टरबाबू, ते बूट गेले असते तर काय झालं असतं?”

“एखादा मुलगा पडला असता.”

“एखादा.”

“हो.”

“आणि इथे? इथे किती पडले, मोजलंत?”

आजूबाजूला हमाल ओरडत होते, वाट द्या म्हणत होते. बाबा तिथेच उभे, मान खाली घालून. मीच सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला.

“मोजलं,” ते म्हणाले. “रोज मोजतो.”

हाराधनकाकांनी टोपली उचलायला हात पुढे केला. बाबांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि ती त्यांच्या डोक्यावर चढवून दिली. ते गर्दीत गेले.

दीड महिन्यानं हाराधनकाका कार्यशाळेत आले. आपण होऊन, कुणी पुन्हा बोलावलं नव्हतं. घरात बायको आजारी होती आणि डोक्यावरचं ओझं आता मानेला झेपत नव्हतं, एवढंच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. बाबांच्या समोरच्या बाकावर बसले, सुई बघितली आणि म्हणाले, “हा दोरा चामड्याला चालणार नाही. मेण लावलेला लागेल.”

“उद्या आणतो,” बाबा म्हणाले.

त्यानंतर सहा वर्षं, बाबांचे डोळे अधू होईपर्यंत, ते दोघं समोरासमोर काम करत होते. त्या सहीबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. पूर्वीसारखं हसणंही झालं नाही, निदान माझ्यासमोर तरी. मी कधी दुपारी डबा घेऊन जायची तेव्हा दोघं दोरा, टाच, पट्टा असलं काही बोलत असायचे. एकदा मी गेले तर पाच-सहा वर्षांची एक मुलगी नवे बूट घालून भिंतीला धरून चालत होती. डावा पाय ओढत होती. बाबा आणि हाराधनकाका दोघंही मान वाकडी करून नुसते तिच्या पायांकडे बघत होते.

“आतल्या बाजूनं आधार कमी पडतोय,” हाराधनकाका म्हणाले.

“हं,” बाबा म्हणाले. “काढ बाळ, काढ ते. बस जरा. आम्हीही बसतो.”